वायसर गेलाय!

इन्स्टाग्रामवर व्हॅनलाइफच्या नावाखाली जे काही दिसतं, त्यात एक गोष्ट कधीच नसते. मागे डोंगर असतो, हातात कॉफीचा मग असतो, पांढरीशुभ्र चादर असते, चादरीवर एक सुंदर कुत्रासुद्धा असतो. संडास मात्र नसतो. म्हणजे ही सगळी मंडळी सकाळी उठून नेमकी जातात कुठे, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. मला पडायचा. कारण आपल्याकडे ट्रिप ठरली की घरातल्या बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो. हॉटेल कुठलं, जेवण कसं, हे सगळं नंतर.

तर २०२३ च्या जूनमध्ये मी ओहायोत आतेभावाकडे गेले होते. (फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा. सुट्टी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पगारही मिळत नाही, ते सोडा.) दादा-वहिनीने त्याच वर्षी एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. चोवीस फुटी, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचा. आत दोन पलंग, गॅस, फ्रिज, आणि कपाटाएवढ्या जागेत बसवलेलं बाथरूम. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट या एकाच परिसरात बनतात. तिथे आरव्हीचं चक्क हॉल ऑफ फेम आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तिकडे हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

दादाने ट्रेलर घेतला तो मात्र हौसेपोटी नाही. घेतला तो आत्यासाठी.

आत्या अडुसष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सातारा ते कोरेगावच्या पुढचं एक खेडं, रोज एसटीने, बत्तीस वर्षं. शाळेत पहिली कित्येक वर्षं बाईमाणसासाठी सोय नव्हती आणि स्टँडवरची सोय ही सोय म्हणण्यासारखी नव्हती. मग तिने तिच्या पिढीतल्या हजारो बायकांनी काढला तोच उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, नंतर संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी. यातून तिला मुतखडा झाला, दोनदा ऑपरेशन झालं, डॉक्टर ओरडले. पण सवय सुटली नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या मोफत मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली, तेव्हा काही लोक नावावरून हसले होते. आत्यासारख्या बाईला मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नसतं.

अमेरिकेत तर हायवेवर तासा-तासाला चकाचक रेस्ट एरिया आहेत, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा, की तिथल्या संडासांची दारं वरून-खालून उघडी असतात आणि फटीतून बाहेरचा माणूस दिसतो. आणि आत पाणी नाही, फक्त कागद! आत्या आदल्या वेळेस आली, तेव्हा नायगारापर्यंत गेली आणि वाटेत घोटभरही पाणी न पिता परत आली. दादाने ते लक्षात ठेवलं. या वेळी तिच्यासाठी तिचा स्वतःचा संडास आणि साताऱ्याहून आणलेला तिचा स्वतःचा प्लॅस्टिकचा मग. चालत्या ट्रेलरमध्ये बसायचं नसतं, पण गाडी बाजूला घेतली की मागे जाऊन दार लावायचं, झालं. पहिल्या दिवशी इंडियाना, शिकागो, विस्कॉन्सिन असं करत गेलो, तर आत्याने चार वेळा गाडी थांबवायला लावली. दादा इतका खूश की विचारू नका.

दुसऱ्या रात्री साउथ डकोटात मिचेलला मुक्काम होता. रात्री बाथरूममध्ये गेले, तर पायाखाली ओलं.

इथे थोडं टेक्निकल सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. घरच्या कमोडला खाली वळण असतं आणि त्या वळणात पाणी साठून राहतं. ते पाणी गटाराचा वास अडवतं. ट्रेलरच्या कमोडला वळणच नसतं. भांड्याच्या खाली सरळ भोक आणि भोकाखाली टाकी. तिला ब्लॅक टँक म्हणतात. आमची तीस गॅलनची होती, म्हणजे साधारण एकशे तेरा लिटर. तुम्ही आणि ती टाकी यांच्यामध्ये असते फक्त एक सरकती झडप आणि झडपेवर साठलेलं थोडंसं पाणी. पायाने पेडल दाबलं की झडप सरकते, सगळं खाली जातं. या सगळ्या प्रकरणात दोन रबरी सील महत्त्वाची. एक झडपेचं, जे भांड्यातलं पाणी धरून ठेवतं. दुसरं तळाचं. कमोड जमिनीवरच्या गोल फ्लॅन्जवर बसतो, त्या दोघांच्या मधलं.

पहिलं गेलं तर भांडं कोरडं पडतं आणि वास येतो. बहुतेक वेळा ते गेलेलंही नसतं. त्याच्या खाचेत कागदाचे तुकडे नाहीतर पाण्याचे क्षार अडकलेले असतात. साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावलं की काम होतं. (व्हॅसलिन लावायचं नाही. पेट्रोलियमने रबर फुगतं.) दुसरं गेलं तर मात्र प्रत्येक फ्लशला थोडं पाणी जमिनीवर येतं. आणि ते नुसतं पाणी नसतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दादाचं म्हणणं पडलं, एसीचं पाणी असेल. दादा सॉफ्टवेअरमधला, कुठल्याही बिघाडावर त्याची पहिली प्रतिक्रिया ‘रिस्टार्ट करून बघू’ ही असते. वहिनीने वास जावा म्हणून छतातला पंखा लावला, तर वास दुप्पट! पंखा बाथरूममधली हवा वर ओढतो आणि कुठे फट असली तर टाकीतली हवाही बरोबर ओढतो. आत्या पलंगावरूनच म्हणाली, “वायसर गेलाय.” आपल्याकडे नळ गळो, कुकर फुसफुसो, निदान एकच असतं. मी हसले. पण ती बरोबर होती, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सीझनमध्ये मेकॅनिक मिळणं महाकठीण. दादाने दोन-तीन ठिकाणी फोन केले. कुणी तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होतं; एकजण यायला तयार होता, पण नुसतं येण्याचे पैसे वेगळे, कामाचे तासावर वेगळे. दादा म्हणाला, “घरी जाऊन बघू.” घर हजारभर मैल मागे होतं.

आय-नव्वदवर मैलोन्‌मैल वॉल ड्रगच्या पाट्या लागतात. वॉल नावाच्या चिमुकल्या गावातलं हे औषधांचं दुकान हस्टेड नावाच्या माणसाने १९३१ मध्ये विकत घेतलं. गिऱ्हाईक येईना, तेव्हा १९३६ मध्ये त्याच्या बायकोला कल्पना सुचली, की उन्हातून येणाऱ्या प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट द्यायचं आणि रस्त्यावर तशा पाट्या लावायच्या. दुकान जे चाललं ते आजतागायत. पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला. बॅडलँड्सच्या उन्हात दोन तास फिरून आम्ही तिथे पोचलो. मी दोन ग्लास ढोसले. आत्याने एक ग्लास भरून घेतला, हातात धरून बसली आणि थोड्या वेळाने माझ्यासमोर सरकवला. “घे गं तू. मला नकोय.”

ओठ सुकले होते तिचे. सकाळपासून एकदाही तिने गाडी थांबवायला सांगितलं नव्हतं. ट्रेलरच्या बाथरूममध्ये दादाने जुने टॉवेल अंथरून ठेवले होते आणि आत्याने कुणालाही न सांगता आपला बत्तीस वर्षांचा उपाय पुन्हा सुरू केला होता.

मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं, हे आजच करायचं.

रॅपिड सिटीत ट्रेलरच्या सामानाचं दुकान सापडलं. काउंटरवरच्या माणसाने कमोडचा फोटो, मॉडेल नंबर वगैरे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “गळतं कधी? सतत, की फ्लश केल्यावरच?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने बसल्याजागी शिकवणी घेतली. सतत गळत असेल तर मागच्या बाजूचा पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा त्याची जोडणी. फ्लशच्या वेळीच गळत असेल आणि पाणी वरून मागे ओघळत असेल, तर तिथला व्हॅक्युम ब्रेकर नावाचा छोटा भाग. आणि फ्लशनंतर बुडातून झिरपत असेल तर तळाचं सील. दादाने विचारलं, घरच्या कमोडला मेणाची रिंग लावतात, ती स्वस्त पडते, ती चालेल का? तो हसला. घर हलत नाही, म्हणाला. ट्रेलर हजार मैल हादरत जातो, बंद करून उन्हात उभा राहतो; मेण सरकतं, मऊ पडतं. इथे रबरच. सील आणि नवे बोल्ट मिळून वीस डॉलरच्या आत काम झालं. मेकॅनिकच्या येण्याच्या पैशात असली दहा आली असती.

कॅम्पग्राउंडवर पोचून आधी टेस्ट. जमीन कोरडी पुसली, कमोडच्या भोवती पेपर टॉवेल अंथरले. नुसता पंप चालू ठेवून पंधरा मिनिटं बघितलं, सगळं कोरडं. भांड्यात रात्रभर पाणी टिकून होतं, म्हणजे झडपही ठीक. मग वहिनीने शिऱ्यासाठी आणलेला केशरी रंग चिमूटभर भांड्यात टाकला आणि मी पेडल दाबलं. अर्ध्या मिनिटात कमोडच्या पुढच्या बुडाकडून कागदावर एक केशरी चंद्रकोर उमटायला लागली. आत्या दारातून डोकावत होती. काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघितलं.

पहिलं काम ब्लॅक टँक रिकामी करणं. तीन इंची जाड पाइप, कोपरापर्यंत हातमोजे. आधी ब्लॅक टँक सोडायची, मग बेसिन-शॉवरच्या पाण्याची ग्रे टँक, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. यात एक गंमत. ट्रेलरवाले अमेरिकन एकमेकांना कायम सांगत असतात, की पाणी भरपूर वापरा, नाहीतर टाकीत सगळं सुकून ढीग होतो. आमच्या टाकीत ढिगाचं नावही नव्हतं. आत्याच्या मगाची कृपा!

दादा हे काम बॉम्ब निकामी करायला निघाल्यासारखा करतो. हात लांब, मान वळवलेली, श्वास रोखलेला. आत्या बाहेर खुर्ची टाकून बसली होती. त्याचं चाललेलं बघता बघता एकदम म्हणाली, “आमच्या लहानपणी टोपलीचे संडास होते.” सातारच्या जुन्या घराच्या मागे बोळ होती, त्या बोळातून सकाळी एक बाई यायची. मागचं छोटं दार उघडून टोपली काढायची, डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात ती गळायची तिच्या अंगावर. “आम्ही पोरं नाक धरून पळायचो. तिला पाणी द्यायचं तर वरून ओतायचं. घरात सगळे तिला जातीच्या नावानेच हाक मारायचे. तिचं नाव काय होतं, मी कधी विचारलंच नाही.”

यावर काय बोलणार? डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या कामावर बंदी आणणारा कायदा १९९३ मध्ये झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये आणखी कडक झाला, हे मला मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी पाठ होतं. त्यानंतरही गटारात उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतच राहिल्या. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं, हेही वाचलेलं. आत्याला यातलं काहीच सांगितलं नाही. दादाने मात्र मान सरळ केली. पाइप धुऊन होईपर्यंत कुणीच बोललं नाही.

बाथरूम इतकं अरुंद, की दादाचे खांदे मावेनात. म्हणून आत मी, दारात टॉर्च घेऊन वहिनी, पायरीवर दादा टूलबॉक्ससकट, आणि बाहेर आत्या, मार्गदर्शक म्हणून. पाण्याचा नळ बंद केला, पंप बंद केला, पेडल दाबून पाइपमधला उरलासुरला दाब सोडला. मागची पाण्याची नळी हाताने सुटली. मग बुडाजवळची प्लॅस्टिकची टोपणं काढली. आत दोन नट. पुढचा पान्याने नीट निघाला. मागचा पेडलच्या आड, दिसतही नाही, चाचपडूनच शोधायचा. तो हाताला लागला आणि मला गंमत वाटली. तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनीच फिरत होता! हादऱ्यांनी ढिला होत गेलेला. कमोड एका बाजूने सुटलेला, म्हणून प्रत्येक बसण्या-उठण्याला किंचित हलणारा, आणि त्या हलण्याने खालचं सील चेपत, घासत गेलेलं.

कमोड प्लॅस्टिकचा, हलका. सरळ वर उचलला आणि दादाकडे दिला. खालचं भोक लगेच जुन्या टी-शर्टचा बोळा कोंबून बंद केलं. एक तर वास, दुसरं म्हणजे नट-बोल्ट आत पडला तर संपलंच. जुनं सील फ्लॅन्जला चिकटून बसलं होतं. एका बाजूला पापडासारखं चपटं आणि कडक, तिथेच बोटभर चीर. मी ते आत्याला दाखवलं. तिने लांबूनच बघून मान डोलावली. “वायसर.”

सील काढल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम होतं खालची जमीन बघणं. ट्रेलरची जमीन म्हणजे पातळ प्लायवूड आणि वर व्हिनाइल. पाणी मुरत राहिलं तर लाकूड कुजतं. मग वीस डॉलरचं काम हजारांत जातं. अंगठ्याने दाबत दाबत सगळ्या बाजूंनी बघितलं. काळपट डाग पडला होता, पण मऊ कुठे लागलं नाही. फ्लॅन्जलाही तडा नव्हता. पुट्टीच्या पट्टीने जुन्या रबराचे तुकडे खरवडले, फडक्याने पुसलं, वहिनीचा हेअर ड्रायर लावून तासभर वाळवलं.

पुढचं काम पटकन झालं. नवे बोल्ट, नवं सील, बोळा आठवणीने काढला, कमोड दोन्ही बोल्टवर सरळ उतरवला. नट घट्ट करण्याआधी कमोडवर बसून आपलं वजन द्यायचं असतं, म्हणजे सील सगळीकडून सारखं दबतं. त्या क्षणाचा फोटो वहिनीने काढलाय आणि तो कुठेही टाकायचा नाही असं माझ्याकडून बजावण्यात आलंय. मग थोडा हा नट, थोडा तो नट, आळीपाळीने. जोर लावायचा नाही, प्लॅस्टिक तडकतं. कमोड हलायचा थांबला की आपणही थांबायचं.

पाणी सुरू केलं. नवे पेपर टॉवेल, पुन्हा केशरी रंग. दहा वेळा फ्लश केला. कागद पांढराच. तरी रात्रभर कागद तसाच ठेवला. सकाळी सहा वाजता मी बघायला उठले, तर आत्या आधीच तिथे, खाली वाकता येत नाही म्हणून मोबाइलच्या टॉर्चने कागद बघत उभी.

पुढचे चार दिवस ब्लॅक हिल्समध्ये मजेत गेले; त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. डोंगर छान होते, गवे दिसले. परत येताना पुन्हा वॉलला थांबलो. आत्याने बर्फाच्या पाण्याचे दोन ग्लास घेतले, दोन्ही स्वतःसाठी. कडोकाच्या अलीकडे तिने दादाच्या खांद्यावर मागून टकटक केलं. त्याने काही न विचारता इंडिकेटर दिला. खाली उतरताना ती म्हणाली, “टाकीत पाणी आहे ना रे? नाहीतर आधी भरून घे.”